गोडवा कोणाचा?

संध्याकाळची प्रार्थना आटोपली की मी ओटीवरच्या कपाटापाशी जातो आणि तिथल्या ॲम्प्लिफायरचे बटण दाबतो. लगेच काहीच घडत नाही. मग काचेच्या आठ नळ्यांच्या पोटात एकेक नारिंगी ठिपका उमटतो, हळूहळू उजळतो, आणि सुमारे अर्ध्या मिनिटाने स्पीकरमधून एक अगदी बारीक गुणगुण ऐकू येते. त्यानंतर गाणे. आमच्या घरची तरुण मंडळी या अर्ध्या मिनिटाला हसतात. त्यांच्या खिशातले यंत्र बोट लागताच गाऊ लागते. माझ्या यंत्राला मात्र आधी ताप चढावा लागतो.

मला त्या थांबण्याची सवय बालपणापासून आहे. माझा जन्म झाला त्या वर्षी, १९६३ साली, बाबांनी व्हॉल्व्हचा रेडिओ घेतला. परवान्याचे पैसे दरवर्षी पोस्टात भरावे लागत, म्हणून त्याच्याकडे घरात काहीशा आदराने पाहिले जाई. मी बटण फिरवून लगेच कान लावला की बाबा म्हणत, "थांब, तापू दे." बाबांचे स्मरण झाले की मला आधी हे शब्द आठवतात. ते वेस्टर्न रेल्वेत कारकून होते. पहाटेच्या लोकलने जात आणि दिवेलागणीनंतर परतत. रेडिओसमोरचा तो अर्धा मिनिट ते माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहत.

पुढे ट्रान्झिस्टर आले आणि आमचा रेडिओ माळ्यावर गेला. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी लॅमिंग्टन रोडवरच्या एका वृद्ध कारागिराकडून हा ॲम्प्लिफायर बांधून घेतला. चार ईएल-८४, चार ईसीसी-८३, दोन जाडजूड आउटपुट ट्रान्सफॉर्मर; ताकद म्हणाल तर दोन्ही बाजूंना दहा-दहा वॅट. गेली काही वर्षे मी त्याच्यासह राहतो आहे. या सहवासातून माझ्यासमोर एक प्रश्न उभा राहिला. तो यंत्रापासून सुरू झाला, पण यंत्रापाशी थांबला नाही. म्हणून तो येथे मांडतो.

आधी यंत्राची थोडी ओळख करून घेऊ. १९०४ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील प्राध्यापक जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनी निर्वात केलेल्या काचेच्या नळीत दोन भाग बसवले: एक तापणारी तार आणि तिच्यासमोर एक पत्रा. तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि धनभारित पत्र्याकडे धावतात. उलट मात्र येऊ शकत नाहीत. एकाच दिशेने उघडणारी झडप म्हणून त्यांनी तिला 'व्हॉल्व्ह' म्हटले. दोनच वर्षांनी, १९०६ साली, अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी या दोहोंच्या मध्ये तारेची एक जाळी ठेवली. जाळीवरचा विद्युतदाब किंचित बदलला तरी पत्र्याकडे जाणारा प्रवाह मोठ्या प्रमाणावर बदलतो. दुबळ्या आवाजाला मोठे करण्याची किल्ली माणसाला या जाळीत सापडली. लांब पल्ल्याचे टेलिफोन, रेडिओ, बोलपट हे सारे त्या किल्लीने उघडले. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्माला आला. तो लहान, थंड, स्वस्त आणि दीर्घायुषी होता. पुढील दोन-तीन दशकांत घराघरांतून व्हॉल्व्ह नाहीसे झाले. आपल्याकडे १९६० च्या दशकात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये व्हॉल्व्ह बनू लागले होते. तेही यथावकाश थांबले.

मग आजच्या काळात कोणी शहाण्या माणसाने ते का बाळगावेत? व्यवहाराच्या दृष्टीने उत्तर देणे कठीण आहे. माझ्या यंत्रात निव्वळ तारा तापवण्यासाठीच सत्तावीस वॅट वीज जाते. एकंदर ऐंशी-नव्वद वॅट खर्चून त्यातून फार तर वीस वॅटचा आवाज निघतो; बाकी सारी ऊब. पावसाळ्यात पाली त्या उबेला कपाटामागे येऊन बसतात. आत तीनशे व्होल्टचा दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये काही काळ टिकून राहतो. म्हणून नातवंडांना तिथे हात लावू देत नाही. व्हॉल्व्ह झिजतातही. कॅथोडवरचा बेरियम-स्ट्रॉन्शियमचा लेप हळूहळू निकामी होतो. त्यांची झीज इतक्या सावकाश होते की रोज ऐकणाऱ्याला कळतच नाही. नवी जोडी बसवली की मग उमगते, आपण गेले कित्येक महिने किती मंद ऐकत होतो!

आणि हे व्हॉल्व्ह येतात कुठून? आज ते मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथील मोजक्या कारखान्यांत होतात. माझे रशियातल्या सारातोवचे. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर आक्रमण झाले आणि मार्चमध्ये रशियाने अनेक वस्तूंच्या निर्यातीवर बंदी घातली. पुरवठा अडला, किमती चढल्या. त्या दिवसांत एकदा वर्तमानपत्रात जळालेल्या घरांचे छायाचित्र पाहताना माझ्या मनात पहिला विचार आला तो व्हॉल्व्हच्या जोडीचा. मी वर्तमानपत्र मिटून ठेवले. स्वतःची इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल. आवडीची वस्तू माणसाचे कान तयार करते असे आपण म्हणतो; ती त्याला बहिरे करू शकते हेही तितकेच खरे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. व्हॉल्व्हच्या आवाजाचे चाहते एक शब्द नेहमी वापरतात: ऊबदार. या उबेला शास्त्रीय कारण आहे. कोणताही ॲम्प्लिफायर मिळालेला स्वर जसाच्या तसा मोठा करत नाही. तो त्यात स्वतःचे थोडेसे मिसळतो. व्हॉल्व्हकडून जे मिसळले जाते ते बहुधा मूळ स्वराच्या दुप्पट आणि तिप्पट कंपनसंख्येचे असते. दुप्पट म्हणजे वरचा षड्ज, तिप्पट म्हणजे त्या वरच्या सप्तकातला पंचम. दोन्ही सुरेलच, म्हणून कानाला त्या भेसळीची तक्रार नसते. उलट आवाज भरीव झाल्यासारखा वाटतो. ताकदीपलीकडे ताणले तरी व्हॉल्व्ह हळूहळू हार मानतो. ट्रान्झिस्टर त्या ठिकाणी एकदम तुटतो आणि कर्कश होतो.

या यंत्रांच्या जगाने स्वतःसाठी घेतलेले नाव मात्र 'हाय फिडेलिटी', म्हणजे उच्च प्रतीची निष्ठा! निष्ठा कोणाशी? अर्थातच मूळ आवाजाशी. गायक जे गायला ते, न वाढवता, न घटवता, आपल्यापर्यंत पोचवण्याचे ते वचन. मग गोड भेसळ करणारे यंत्र निष्ठावान कसे? आणि ती भेसळ आहे हे ठाऊक असूनही तिच्यात रमणारा श्रोता सत्याशी प्रामाणिक आहे का?

कोणी म्हणेल, तंबोऱ्यातही हेच नाही का? घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून जवारी लावली की स्वरातले उपस्वर फुलतात. त्याला आपण खोटेपणा म्हणत नाही. मान्य. पण तंबोरा हे वाद्य आहे. बोलण्याचा, सजवण्याचा त्याला अधिकार आहे. ॲम्प्लिफायर हा साक्षीदार आहे. साक्षीदाराने पाहिले ते सांगावे. त्यात स्वतःचा पंचम मिसळू नये. एवढे असूनही, एकट्याने बसून ऐकताना कोणी गोडवा पसंत केला तर त्यात कोणाचे काय बिघडले? बरीच वर्षे मी या उत्तरावर समाधानी होतो. मग ती टेप निघाली.

१९७९ साली आमच्या आईबाबांच्या लग्नाचा रौप्यमहोत्सव झाला. शेजाऱ्यांनी आखातातून आणलेल्या कॅसेट रेकॉर्डरवर कोणीतरी बाबांचे चार शब्द टिपले होते. बाबा १९९१ मध्ये गेले. दोन वर्षांपूर्वी माळा साफ करताना ती कॅसेट हाती लागली. मी ती साफ केली, नवी कवचे बसवली आणि आमच्या यंत्रावर लावली. बाबा बोलू लागले. पाहुण्यांचे आभार, देवाचे आभार, आईविषयी एक विनोद. मग म्हणाले, "धाकट्याने शाळेत नंबर काढलाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोडे थांबून म्हणाले, "थोरलाही आलाय." पुन्हा आभार, आणि टेप संपली.

मी ती पुनःपुन्हा ऐकली. तो भरदार, सावकाश, ऊबदार आवाज! "थोरलाही आलाय" या दोन शब्दांत मला बापाचे समाधान ऐकू येई: दुरावलेला मुलगाही आज घरी आहे, सगळी लेकरे जवळ आहेत. मोठ्या आनंदाने मी दादाला बोलावले. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. १९७२ साली मॅट्रिकला नापास झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत घर सोडून मुंबईत गोदीत कामाला लागला. एवढेच मला ठाऊक होते. त्याहून अधिक मी कधी विचारले नव्हते.

दादाने टेप ऐकली. कपात चहा तसाच राहिला. म्हणाला, "त्यांचा आवाज असा नव्हता. हे तुझ्या डब्याने गोड केलंय." मी समजावू लागलो, तसा तो म्हणाला, "आणि तो 'ही' ऐकलास का? थोरला'ही'. म्हणजे हाही आलाय, काय करणार!" मी हसून म्हणालो, "दादा, काहीतरीच काय! बाबा असे नव्हते." तो उठला. दाराशी थांबून म्हणाला, "रेडिओ तापेपर्यंत ते थांबायचे. माझ्यासाठी तेवढंही कधी थांबले नाहीत." आणि निघून गेला.

तो गेल्यावर मी यंत्राचा बचाव करत बसलो, स्वतःशीच. दादाचा मुलगा मुंबईत ध्वनिमुद्रणाचे काम करतो. त्याला सगळे सांगितले. तो म्हणाला, "काका, वाद कशाला? तपासून पाहू." पुढच्या रविवारी तो एक साधा ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर, एक मीटर आणि जोडण्या बदलण्याची पेटी घेऊन आला. स्पीकर माझेच. मीटर लावून त्याने दोन्ही यंत्रांचा आवाज काटेकोरपणे सारखा केला. कारण जे किंचित मोठे वाजते तेच कानाला अधिक चांगले वाटते. मग यंत्रांपुढे चादर टांगली. वीस वेळा बाबांचे तेच शब्द वाजवले आणि दर वेळी मी व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर ते सांगायचे होते. नाणे कोणत्या बाजूने पडते त्यावर त्याने क्रम ठरवला होता.

वीसपैकी अकरा उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून सांगितले असते तरी साधारण तितकीच आली असती.

न्यायासाठी हेही सांगायला हवे, की ऑर्गनची एक रेकॉर्ड जोरात लावल्यावर फरक मला स्पष्ट कळला. यंत्र ताणले गेले की त्याचा स्वभाव उघडा पडतो. पण बाबांचा आवाज ज्या हलक्या पातळीवर मी ऐकत असे तिथे व्हॉल्व्हचा वाटा जवळजवळ शून्य होता. असा अनुभव येणारा मी पहिला नव्हे. १९७८ साली इंग्लंडमध्ये क्वाड कंपनीचा एक व्हॉल्व्हचा आणि दोन ट्रान्झिस्टरचे ॲम्प्लिफायर पडद्याआड ठेवून जाणकार श्रोत्यांची परीक्षा घेतली गेली. 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात तिचा वृत्तांत आला. त्या जाणकारांनाही तिन्ही यंत्रे वेगळी ओळखता आली नव्हती.

चादर काढली तेव्हा मी गप्प होतो. दादाने यंत्रावर आरोप केला होता, मी यंत्राचा बचाव केला होता. आणि यंत्र बिचारे दोन्हींतून निर्दोष सुटले होते. बाबांच्या आवाजातला गोडवा ना ईएल-८४ चा होता, ना टेपचा. तो माझा होता. रेडिओसमोर खांद्यावर हात ठेवलेल्या, नंबर काढलेल्या, धाकट्या मुलाचा होता. स्मृती हाही एक ॲम्प्लिफायरच. दुबळे स्वर ती मोठे करते आणि प्रत्येकाच्या स्मृतीत ज्याचे त्याचे काहीतरी मिसळलेले असते.

तेव्हा प्रश्न पुन्हा नव्याने विचारला पाहिजे. गोड करून ऐकणे हे असत्य आहे काय? मला वाटते, नाही. यंत्राला हेतू नसतो, म्हणून ते खोटे बोलू शकत नाही. आणि माणसाने गेलेल्या बापाचा आवाज मायेने ऐकला तर त्याला कोण दोष देईल? माझ्या खांद्यावरचा तो हात खराच होता. माझे चुकले ते पुढे. "बाबा असे नव्हते" असे मी म्हणालो. हे वाक्य माझ्या कानांविषयी नव्हते. ते दादाच्या आयुष्याविषयी होते. मी नऊ वर्षांचा असताना दुसऱ्या खोलीत, बंद दाराआड जे घडले, त्याचा मी साक्षीदार नव्हतो. तरीही मी साक्ष दिली, आणि ती त्याच्याविरुद्ध दिली. गोडवा जोवर आपल्या कानात आहे तोवर तो निष्पाप असतो. दुसऱ्याची जखम खोडून काढायला आपण तो पुढे केला की त्याची खोटी साक्ष होते.

यावर एक आक्षेप संभवतो. दादाचे ऐकणेही तसे रंगलेले नाही का? त्या 'ही'मध्ये तिरस्कार होता हे त्यालाही कोणी सांगितले? खरे आहे. त्या एका अक्षरात काय होते हे ज्यांना ठाऊक होते ते आता नाहीत. पण म्हणून दोन्ही साक्षींची बेरीज करून निम्मे करावे आणि 'बाबा मध्यम स्वभावाचे होते' असे म्हणावे, हा न्याय नव्हे. खांद्यावरचा हात घडला आणि त्या दाराआडचेही घडले. दोन्ही पूर्ण खरी आहेत. एकाच बापाने एका मुलासाठी थांबावे आणि दुसऱ्यासाठी थांबू नये, हे समजायला कठीण असले तरी अशक्य नाही. किती घरांत ते घडलेले असते! सत्याशी निष्ठा म्हणजे त्या दोन्ही गोष्टी एकाच घरात राहू देणे.

पडद्याआडच्या परीक्षेतून मी एक शिकलो. आवाज ऐकण्यापूर्वी नाव झाकावे लागते. 'हा माझा आवडता' ही पाटी डोळ्यांसमोर असेल तोवर कान पाटीच ऐकतो. बापाच्या नावावरची, भावाच्या नावावरची, 'आमचे घर चांगले' या वाक्यावरची पाटी क्षणभर झाकायला धैर्य लागते. कारण चादर निघाल्यावर आपली उत्तरे चुकलेली निघू शकतात. शिवाय रोज ऐकणाऱ्याला झिजलेला व्हॉल्व्ह कळत नाही, तसे रोज सांगितलेल्या कथेतून काय गळत गेले तेही कळत नाही. त्यासाठी बाहेरचा कान लागतो. आणि तो बहुधा ज्याला आपण ऐकून घेतलेले नसते त्याचाच असतो.

गेल्या पावसाळ्यात मी दादाकडे गेलो, चुकलो म्हणून सांगितले आणि त्याला घरी घेऊन आलो. जेवणे झाल्यावर ओटीवर बसलो. सवयीने मी बटण दाबले. नारिंगी ठिपके उमटले. दादा त्यांच्याकडे पाहत म्हणाला, "अजून तेवढाच वेळ लागतो का रे?" मी म्हणालो, "तेवढाच." मग पन्नास वर्षांत प्रथमच त्याला विचारले, "दादा, त्या दिवशी नेमके काय झाले होते?"

तो लगेच बोलला नाही. मीही काही बोललो नाही. बराच वेळ गेला. मग तो सांगू लागला. मी मध्ये एकदाही "बाबा असे नव्हते" म्हटले नाही. त्याने सांगितलेले येथे लिहिणार नाही; ते त्याचे आहे. आत कॅसेट तयार होती, व्हॉल्व्ह पूर्ण तापले होते, स्पीकरमधून ती बारीक गुणगुण येत होती. पण टेप त्या रात्री लावलीच नाही. लावण्याची गरज राहिली नव्हती.